आषाढात उभी राहिलेली गाडी

आमच्या गल्लीतले एक निवृत्त इंजिनिअर परवा सकाळीच घरी आले. बेंगळूरात विजेवर चालणारी छोटी मोटार निघाली आहे, पेपरात तिचा फोटो आला आहे, ती घ्यावी का, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, "गाडी उभी कुठं करणार?" म्हणाले, "घर तिसऱ्या मजल्यावर, गाडी खाली रस्त्यावर." मी विचारलं, "मग वायर तिसऱ्या मजल्यावरून सोडणार काय?" ते जरा खट्टू झाले. त्यांना गाडीच्या वेगाबद्दल आणि रंगाबद्दल बोलायचं होतं. पण मी पडलो बॅटरीवाला. कुठल्याही गाडीकडे बघताना माझी नजर आधी प्लग शोधते.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बॅटऱ्या चार्ज केल्या. मल्लेश्वरमात आठव्या क्रॉसपासून थोडं आत माझं दुकान होतं. आम्ही इथले जुने मराठे, किती पिढ्यांपूर्वी आलो ते कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, ओटा उतरला की कन्नड. आमच्या पूर्वजांनी म्हणे तलवारी धरल्या होत्या. मी हायड्रोमीटर धरला आणि त्यावर चार मुलं मोठी केली, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोकांना वाटतं, बॅटरी म्हणजे विजेची टाकी, नळ सोडला की भरते. तसं नसतं. आत शिशाच्या प्लेटा असतात, पाणी घालून पातळ केलेल्या ॲसिडात बुडवलेल्या. बॅटरी वापरली की ॲसिडातला जोर प्लेटांत जाऊन बसतो आणि मागे राहिलेलं पाणी हलकं होतं. चार्ज केली की तो जोर पुन्हा पाण्यात उतरतो. हायड्रोमीटर ही काचेची नळी. तिनं थोडं ॲसिड वर ओढलं की आतली तरंगती कांडी किती वर येते त्यावरून सगळं कळतं. बाराशे पन्नास आलं तर बॅटरी भरलेली, अकराशे पन्नासच्या खाली गेलं तर उपाशी. उपाशी बॅटरी तशीच ठेवून दिली तर प्लेटांवर पांढरा थर धरतो, आणि तो एकदा घट्ट बसला की सोडवता सोडवत नाही. दंडूतले, म्हणजे कँटोन्मेंटमधले माझे उस्ताद भर उन्हाळ्यातही लोकरीचा जुना लष्करी कोट घालून काम करायचे. लोकरीला ॲसिड लवकर खात नाही. मी हौसेनं सुती शर्ट घालायचो. सुती कपड्यावर ॲसिडाचा शिंतोडा उडाला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही, भोक पडतं ते धुतल्यावर. त्यामुळे लग्नानंतर पहिलं वर्षभर आमच्या घरी सगळा दोष धोब्याच्या माथी होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. येलहंक्याचे एक हार्मोनियम मास्तर रेडिओची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे. ती वाटेत कलंडायची आणि त्यांच्या धोतराला मागून नक्षी व्हायची. ते इस्त्रीवाल्याशी भांडत राहिले. मला कारण पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पण इतक्या भारदस्त माणसाला मागे वळून बघा असं कसं सांगायचं, म्हणून मी दोन वर्षं गप्प बसलो. के. आर. पुरमच्या एका टॅक्सीवाल्यानं तर कमालच केली. डिस्टिल्ड वॉटर मिळालं नाही म्हणून त्यानं बॅटरीत शहाळ्याचं पाणी ओतलं. मी कपाळाला हात लावला तर तो मलाच समजावू लागला, "अण्णा, देवानं सील करून दिलेलं पाणी हे. यात घाण येणार कुठून?" त्याच्या बॅटरीला जो वास सुटला तो घालवायला मला आठवडा लागला.

त्या दोघांना मी कितीतरी वेळा हसलो आहे. पण माझ्या हातून जी चूक झाली तिच्यापुढं ते शहाळं काहीच नाही. तीच आज सांगायची आहे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. दुकानासमोर एक जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, थांबला. आतून पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले आणि त्यांनी मुलीला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. तिच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या होत्या, हातात काठी होती. ते हणमंतराव, निपाणीकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगी सुमती, वय चोवीस. तिसऱ्या वर्षी ताप येऊन तिचा पाय गेला होता. गणितात बी.एस्सी. होऊन तिनं शिक्षिका होण्यासाठी बी.टी.ही केलं होतं, आणि हे सगळं शिक्षण वडिलांच्या हातांवर. कॉलेजच्या पायऱ्यांवरूनसुद्धा त्यांनीच तिला उचलून नेलं होतं.

"गोविंदराव, एक गाडी बघायची आहे," हणमंतराव म्हणाले. "बॅटरीची आहे म्हणतात. दंडूत एका मडमेकडं आहे. ती विलायतेला चालली."

मी म्हटलं, "बॅटरीची गाडी कशाला? पेट्रोलची बघूया की."

त्यावर सुमती बोलली. "अण्णा, पेट्रोलच्या गाडीला क्लच असतो. तो डाव्या पायानं दाबायचा असतो. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. दोन पेडल आहेत, एक चालायचं, एक थांबायचं. दोन्ही उजव्या पायाची."

हा विचार तोवर माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी निमूट जटक्यात बसलो.

वाटेत बाकीचं कळलं. हेब्बाळजवळच्या मुलींच्या एका शाळेत गणिताची जागा श्रावणात रिकामी होणार होती. मोठ्या बाईंना सुमती पसंत होती. मात्र त्यांची एक अट होती, रोज वेळेवर आणि आपली आपण यायचं. मुलींच्या शाळेत एक पुरुषमाणूस रोज दोनदा बाईंना उचलून वर्गात नेतो, हे कमिटीला चालणार नव्हतं. हणमंतरावांची तर रोज न्यायची तयारी होती. पण त्यांचं वय पासष्ट झालेलं, आणि जटक्यातून उतरताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मी ऐकला होता.

युद्धाच्या वेळी विलायतेत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हाची ती गाडी. दोन माणसांची, हिरवी, बिस्किटाच्या डब्याला चाकं लावल्यासारखी. आठ मोठ्या बॅटऱ्या, चार पुढच्या झाकणाखाली, चार सीटमागं. मडम सरळ बाई होती. म्हणाली, ही चर्चला जाऊन परत येईल, म्हैसूरला न्यायचं मनात आणू नका.

अशी गाडी घेताना लोक ती चालवून बघतात. ते चूक. ताजी चार्ज केलेली मरतुकडी बॅटरीसुद्धा मैलभर घोड्यासारखी पळते. मी गाडी पूर्ण चार्ज करायला लावली, एक दिवस नुसती उभी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी एका बॅटरीत तीन कप्पे, म्हणजे सेल, अशा चोवीसच्या चोवीस सेलांचे आकडे घेतले. दोन बॅटऱ्या जरा थकलेल्या होत्या, बाकी ठीक. मग हिशेब मांडला. मल्लेश्वरम ते हेब्बाळ पाच मैल, परत पाच. चढ धरून बाराएक मैलांचा जोर हवा. गाडीत पंधराचा होता. मी हणमंतरावांना सांगितलं, "सरी, ठीक आहे, घ्या. पण घरातल्या दिव्याच्या वायरीवर चार्ज करायची नाही, ती तापेल. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढूया. शेड वरून उघडी ठेवा, चार्ज होताना पेट घेणारा गॅस निघतो. आणि चार्जिंग चालू असताना गाडीला ओवाळायचं नाही." शेवटचं हणमंतरावांच्या बायकोसाठी होतं. त्यांच्या तबकात निरांजन तयारच होतं.

गाडी मी स्वतः चालवत घरी आणली. सहा मैल, चढउतार, बाजाराची गर्दी. घरी पोहोचली तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त जोर संपला होता. आणि दुसऱ्या दिवशी आषाढ लागत होता.

आमच्याकडं आषाढात नवी वस्तू वापरायला काढत नाहीत, नव्या कामाला हात लावत नाहीत. हणमंतरावांनी विचारलं, "मग श्रावणातच काढूया काय?" मी म्हटलं, "श्रावणातच. पहिल्या सोमवारी पूजा करू, त्याच दिवशी वायर ओढू, तोवर हात लावू नका." मी, बॅटरीवाला, हे बोललो. मीटरवरून येणारी वायर म्हणजे नवं काम, म्हणून ती ओढली नाही. वायर नाही, म्हणून चार्जिंग नाही. बॅटऱ्या काढून दुकानात नेता आल्या असत्या, पण पूजा न झालेल्या गाडीचा नटसुद्धा ढिला करायला माझं मन घेईना. उपाशी बॅटऱ्यांची ती गाडी चादर पांघरून महिन्याहून जास्त शेडमध्ये उभी राहिली. मी त्या घरावरून रोज जात होतो.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पूजा झाली, नारळ फुटला, सुमती आत बसली. तिनं पेडल दाबलं. गाडी दोन फूट सरकली आणि थांबली.

मी झाकण उघडलं. हायड्रोमीटरची कांडी तळाला बसली होती. टॉर्च टाकून आत बघितलं तर प्लेटांवर पांढरा थर, दळणाच्या पिठासारखा. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सुमतीला शाळेत हजर व्हायचं होतं. हातात दहा दिवस.

हणमंतराव म्हणाले, "मडमेनं फसवलं बघा आपल्याला."

मी ते खोडून काढलं नाही. चांगल्या बाईवर आळ येत होता, ती बोटीत बसून गेलेली, उत्तर द्यायला येणार नव्हती. आठही बॅटऱ्या मी हातगाडीवर घालून दुकानात आणल्या. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी सांगून टाकलं, "मडमेची चूक नाही. माझी आहे. आषाढ मी मध्ये आणला. बॅटरी उपाशी ठेवायची नसते हे मला माहीत होतं."

सुमती म्हणाली, "अण्णा, तुम्ही सांगितलं असतं तरी बाबांनी आषाढात गाडी बाहेर काढू दिली नसती. पण चार्ज करायला नाही म्हणाले नसते." आणि पुढं, "मला विचारायला हवं होतं. मी काही आषाढबिषाढ धरत नाही." ती रागावली होती आणि ते तिनं लपवलं नाही. मला ते बरंच वाटलं.

मग तिनं विचारलं, "आता काय करता येईल ते सांगा."

एकच उपाय होता. आतलं ॲसिड काढून टाकायचं, नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, आणि अगदी बारीक करंट दिवसेंदिवस सोडत राहायचा. पांढरा थर हळूहळू विरघळतो आणि पाण्याला पुन्हा जोर चढतो. करंट वाढवला तर प्लेटा वाकतात, मग सगळंच संपलं. उस्ताद अशा वेळी म्हणायचे, आता हात मागे बांधून बस. सुमती रोज जटक्यानं दुकानात येऊन बसू लागली. तारेतली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा माझा रेक्टिफायर काचेच्या मोठ्या भोपळ्यासारखा होता, आत निळाजांभळा उजेड नाचायचा, रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. ती त्याच्याकडं बघायची नाही. तासातासाला स्वतः हायड्रोमीटर घालून पाटीवर आकडे लिहायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाराशे पन्नास म्हणजे पाण्याच्या सव्वापट जड. एवढंच ना?" वीस वर्षं तो आकडा वाचत होतो, असा सोपा करून तो मी कुणाला सांगितला नव्हता.

दुपारच्या रिकाम्या वेळात मी तिला गाडी चालवायच्या युक्त्या सांगायचो. उतारावर पेडल सोडून द्यायचं. सगळ्यात जास्त जोर लागतो तो थांबून पुन्हा निघताना, म्हणून उगाच थांबायचं नाही. शाळेत पोहोचलात की गाडीला दिवसभर उभी राहू द्या, विसावा मिळाला की बॅटरी थोडी सावरते. लायसन्सचं काम याच दिवसांत झालं. अशक्त माणसांच्या गाड्यांसाठी कायद्यात सोय होती, पण ऑफिसातल्या साहेबांना ती स्वतः पुस्तक उघडून शोधावी लागली. माझ्या दुकानातल्या बदली बॅटऱ्या, जेमतेम मैल-दोन मैल ओढणाऱ्या, गाडीत बसवून तिनं सराव केला आणि परीक्षा दिली. पास झाल्यावर सुमती त्यांना म्हणाली, "सर, कलम लक्षात ठेवा. पुढचा कुणी आला तर लवकर सापडेल."

आठव्या दिवशी सहा बॅटऱ्या बाराशेच्या वर आल्या. त्या दोन थकलेल्या मात्र येईनात. तेव्हा मी धंद्यातला नियम मोडला. बॅटऱ्यांच्या ओळीत नव्या-जुन्यांची सरमिसळ करायची नसते, सगळी ओळ सगळ्यात कमजोर बॅटरीच्या चालीनं चालते. तरी गिऱ्हाइकाची बॅटरी चार्जिंगला असताना आम्ही जी बदली देतो, त्यातल्या दोन दणकट बघून मी गाडीत घातल्या. सगळं जोडून नव्या वायरीवर रात्रभर चार्ज केली, आणि हिशेब पुन्हा मांडला. पंधरा मैलांचे उरले होते अकरा. लागणार होते बारा. मी तो हिशेब सुमतीला दाखवला. हणमंतरावांना दाखवायचं आम्हा दोघांनाही धैर्य झालं नाही.

गुरुवारी सकाळी आठला निघालो. ती चालवत होती, मी शेजारी. हणमंतराव जटक्यातून मागून येणार होते. शाळा सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहायचं आणि गाडी बंद पडली तर मुलीला घेऊन परत यायचं, असा त्यांचा बेत. बरोबर डबा आणि पाण्याचा तांब्याही घेतला होता.

सँकी तळ्यापर्यंत गाडी झकास गेली. आवाज नाही, धूर नाही, नुसती टायरांची सरसर. गाई बाजूला होत नव्हत्या. पुढं बळ्ळारी रस्त्याकडं जाणारा चढ लागला आणि गाडी मंदावली. गाडीतल्या मीटरचा काटा खाली येऊ लागला. माणूस चालत पुढं गेला असता इतकी गती उरली. एवढ्यातच इतका जोर खर्ची पडला तर संध्याकाळी हेब्बाळकडून वर येताना काय होणार, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"अण्णा," तिनं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "तुमचं वजन किती?"

"असेल एकशे साठ पौंड."

"म्हणजे दोन बॅटऱ्यांपेक्षा जास्त."

"अय्यो, असेल की."

"मग उतरा."

मी तिच्याकडं बघितलं. त्या मुलीला जन्मात कुणी एकटीला रस्त्यावर सोडलं नव्हतं. म्हटलं, "वर कोपऱ्यावर थांबा, मी चालत येतो." ती फक्त "उतरा" म्हणाली. चालत्या गाडीतून मी उतरलो. तसं करायला काही कौशल्य लागलं नाही, गाडी तितकीच हळू होती.

माझा भार जाताच गाडी हलकी झाली. काटा वर सरकला असणार, कारण वेग वाढत गेला. मी मागून भरभर चालत होतो, मग पळू लागलो. ती कोपऱ्यावर पोहोचली. मला वाटलं आता थांबेल. थांबली नाही. थांबून पुन्हा निघायला सगळ्यात जास्त जोर लागतो, हे मीच तिला शिकवलं होतं. हिरवी पेटी डावीकडं वळली आणि हेब्बाळच्या दिशेनं दिसेनाशी झाली. मी धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभा होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की रस्त्यातल्या अनोळखी माणसाला धरून सांगावंसं वाटलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. संध्याकाळी सव्वापाचला ती गाडी माझ्या दुकानावरून गेली, गोगलगाईच्या चालीनं, पण आपल्या चाकांवर. मागोमाग घरी जाऊन हायड्रोमीटर घातला तर कांडी अकराशे तीसला होती. पुढच्या महिन्यात त्या दोन बदली बॅटऱ्यांच्या जागी मी नव्या घातल्या, आणि त्या रस्त्यावर ती सात वर्षं धावली. सुमतीबाई पुढं त्याच शाळेच्या मोठ्या बाई झाल्या. त्या वर्षीपासून माझ्या दुकानात आषाढातही चार्जिंग चालू राहिलं. पूजेचं मी नंतर बघायचो.

पण त्या सकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कोपऱ्यावर उभा होतो तेव्हा हणमंतरावांचा जटका वर आला. मला एकट्याला बघून ते चालत्या जटक्यातून उतरू लागले, जटकावाल्यानं कसाबसा लगाम ओढला.

"गाडी कुठाय? सुमी कुठाय?"

"गेल्या."

"एकटी?"

"एकट्याच. मला उतरवून गेल्या."

ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्या दिशेनं बघत राहिले. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि त्यावर काहीच नव्हतं. त्यांचे हात मात्र पुढं आलेले होते, मुलीला उचलताना यायचे तसे. थोड्या वेळानं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हात खाली घेतले, टोपी काढून पुन्हा नीट घातली.

"चढा अण्णा, हेब्बाळला जायचं ना?" जटकावाल्यानं विचारलं.

हणमंतराव जटक्यात चढले, मला हात देऊन वर घेतलं, आणि डबा मांडीवर ठेवून म्हणाले, "नको. घरी चल."